टपाल-गाळणी आणि एनक्रिप्टेड जोडणी

आलेले ई-मेल वर्गवार लावणारा पॉपफाइलसारखा गाळणी प्रोग्रॅम मेल प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या मधोमध बसतो, आणि सर्व्हरकडून एनक्रिप्टेड (इतरांना वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक केलेले) टपाल घेताना नेमका इथेच घोळ होतो. मेल प्रोग्रॅममध्ये पूर्वीपासून असलेली एसएसएलची, म्हणजे जोडणी एनक्रिप्ट करण्याच्या पद्धतीची, खूण तशीच ठेवली, तर मजकूर गाळणीला वाचताच येत नाही. म्हणून ती काढून मेल प्रोग्रॅमला १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या, पत्त्यावर साध्या जोडणीने गाळणीशी बोलू द्यावे आणि एनक्रिप्शनची जबाबदारी गाळणीवर सोपवावी. साध्या जोडणीचे नाव ऐकून दचकायचे कारण नाही, कारण हा टप्पा संगणकाबाहेर जात नाही. मात्र गाळणी दुसऱ्या यंत्रावर असेल, तर हा युक्तिवाद लागू पडत नाही.

पॉपफाइलमध्ये त्यासाठी वेगळी खिडकी उघडावी लागत नाही. वापरकर्त्याच्या नावाच्या रकान्यातच सर्व्हरचे नाव, ९९५ हा पोर्ट (सर्व्हरवरील सेवेचा क्रमांक), खात्याचे नाव आणि शेवटी ‘एसएसएल’ ही रोमन अक्षरे अपूर्णविरामांनी जोडून लिहायची. रचना जरा ओबडधोबड आहे, पण चालते. ९९५ हा पोर्ट पॉप या टपाल उतरवून घेण्याच्या पद्धतीचा; टपाल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या आयमॅप पद्धतीसाठी एनक्रिप्टेड पोर्ट ९९३ असतो.

११० (पॉप) किंवा १४३ (आयमॅप) या पोर्टवर साधी जोडणी करून नंतर स्टार्टटीएलएस या सूचनेने ती एनक्रिप्ट करण्याचा मार्गही आहे, परंतु मधला कोणी ती सूचनाच गाळून टाकू शकतो. त्यामुळे पहिल्या क्षणापासून एनक्रिप्टेड असलेली जोडणी मला अधिक पटते, आणि २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाची शिफारसही तीच आहे. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तपासणी मात्र बंद करू नये, कारण ती नसेल तर आपण गुप्तपणे बोलतो खरे, पण कोणाशी बोलतो ते कळत नाही.