माऊस सोडला तरी न सुटणारा उपघटक

एका शिक्षणसंस्थेला अभ्यासक्रमाची मांडणी माऊसने ओढून लावता यायला हवी होती. विषय, त्यात धडे, धड्यांत उपघटक. यादीच्या पोटात यादी. सगळ्या मशीनवर विंडोज एक्सपी, म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोरर ८ च्या पुढे जायची सोयच नाही. एचटीएमएल५ ह्या वेबपानांच्या भाषेतलं ड्रॅग-ड्रॉप (ओढून सोडणं) मुळात ह्याच ब्राउझरच्या १९९९ सालच्या पाचव्या आवृत्तीवरून घेतलेलं, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत थेट ओढले जातात ते फक्त दुवे, चित्रं आणि सिलेक्ट केलेला मजकूर. यादीतली साधी ओळ जागची हलत नाही. म्हणून आम्ही सगळं माऊसच्या इव्हेंटवर, म्हणजे माऊस दाबला, हलला, सुटला की ब्राउझर पानाला देतो त्या सूचनांवर, बांधलं.

मग तक्रार आली: उपघटक माऊसला चिकटून बसतो. आमच्याकडे काही केल्या तसं होईना. शेवटी त्यांच्या ऑफिसात जाऊन काम करणाऱ्या मॅडमच्या शेजारी बसलो. म्हटलं, "तुम्ही रोज करता तसंच करा." यादी लांबलचक. त्यांनी उपघटक उचलला आणि झपकन खाली नेला. पॉइंटर खिडकीबाहेर, पार टास्कबारवर गेला आणि बटण तिथेच सुटलं. पॉइंटर आत आला तर उपघटक त्याच्या मागे मागे. "बघा सर, सोडतच नाही!"

खिडकीबाहेर सुटलेल्या बटणाचा माऊसअप (बटण सुटल्याची सूचना) पानापर्यंत पोचतच नव्हता. आठव्या आवृत्तीत मात्र माऊस हलताना बटण दाबलेलं नसेल तर इव्हेंटमधला बटणाचा आकडा ० असतो. ० दिसला की ओढणं तिथेच संपवायचं, एवढी एक ओळ घातली. पण नवव्या आवृत्तीपासून ० म्हणजे डावं बटण! तिथे हीच तपासणी चालली तर काहीच ओढता येणार नाही. म्हणून आधी डॉक्युमेंट मोड (ब्राउझर पान कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी चालवतोय तो आकडा) पाहायचा आणि तो नऊच्या खाली असेल तरच ही ओळ लावायची. असले बारकावे वापरणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय हाती लागत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

मॅडमनी पुन्हा तसंच झपकन ओढलं. सुटलं. लगेच पुढचा प्रश्न, "पण हा धड्याच्या खाली गेला की आत?" खरा पेच तोच होता. उभ्या अंतरावरून ते ठरवता येत नाही, दोन्हीकडे जागा एकच. मग आडवं अंतर धरलं: पॉइंटर एका इंडेंटएवढा (आतली ओळ जेवढी आत सरकलेली असते तेवढा) उजवीकडे सरकला तर आत, नाहीतर खाली. आणि सोडायच्या आधीच उपघटक जिथे पडणार तिथली रिकामी चौकट तेवढी आत सरकलेली दिसेल, असं केलं.