पॅनेलच्या मागची भिंत

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाचं घर. तळमजला आणि वर एक मजला, बांधकाम पंचवीस वर्षांचं. घेणारं जोडपं, दादा आणि वहिनी, पहिल्यांदाच घर घेत होतं. घर घेण्याआधी ते तपासून अहवाल देणं हे माझं काम. सोमवारी विसार द्यायचा आणि पाहणी शनिवारी, म्हणजे मधे एकच दिवस. विसारपावती झाल्यावर मला बोलावणारेही असतात. तेव्हा माझ्या अहवालाचा उपयोग फक्त झोप उडवायला होतो.

पाहणीची वाट बघत नुसतं बसायचं नसतं. गुरुवारीच वहिनींना फोनवर सांगितलं होतं: घरमालकाला विचारून गच्चीची पन्हाळी गोणपाट कोंबून बंद करा, २ इंच पाणी भरा, कठड्यावर पेन्सिलीने खूण करा आणि २४ तास थांबा. लाइट तोडलेली असेल तर जोडून घ्या. भिंतीला लागलेली कपाटं हातभर पुढे ओढून ठेवा. त्यांनी सगळं केलं होतं. पाणी खुणेच्या जरासं खाली, म्हणजे उन्हाने उडालं तेवढंच. खालून स्लॅब कोरडा. फक्त जिन्याच्या डोक्यावर, कोबा आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात तळहाताएवढा ओला डाग. तिथली गोळाई, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटने केलेला गोल उतार, सुटली होती. किरकोळ काम.

चिरांचंही फार नव्हतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली एक चीर होती. तिच्यात पोस्टकार्डाची कड शिरत नव्हती, आणि आतली धूळ जुनी होती. चीर हलती असेल तर तिच्यावर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवून महिनाभर बघतात. काच तडकली तर घर अजून बसतंय. इथे त्याची गरज वाटली नाही. छज्ज्याच्या खालून गज दिसत होते, गंजून फुगलेले. तो छज्जा तोडूनच नवा करावा लागणार, वरून सिमेंट थापून भागत नाही.

मला खटकलं ते हॉलमध्ये. चारही भिंतींना जमिनीपासून ४ फुटांपर्यंत नवंकोरं पीव्हीसी पॅनेल. वर रंग जुना, खाली पॅनेल नवं. घरमालक म्हणाले, "पोरं भिंती रंगवतात साहेब, म्हणून लावलं." असेलही. पण त्यांच्याकडे लहान पोर दिसेना.

पॅनेल काढायला लावणं बरं दिसत नाही. म्हणून मेन बंद करून टीव्हीचा पॉइंट उघडला. तो जमिनीपासून फुटभर उंचीवर. प्लेट नवी, स्क्रू नवे, आतली पत्र्याची पेटी मात्र जुनी. टेस्टरच्या टोकाने पेटीचा तळ खरवडला, तर पिठासारखी बारीक, करड्या रंगाची माती निघाली. झाडू-पोछ्याने असली माती पेटीत जात नाही. पंचगंगा नदीच्या पुराचा गाळ होता तो. वरच्या बोर्डाची पेटी साडेचार फुटांवर, ती आतून स्वच्छ.

मग पाणी किती चढलं होतं ते मोजायचं. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या खांबावर ऑइलपेंटची रेघ आणि शेजारी '२०१९' असं लिहिलेलं. पेठेत अशा रेघा जागोजागी सापडतात. लेव्हलची पारदर्शक नळी पाण्याने भरून, बुडबुडे काढून, एक टोक त्या रेघेला धरलं आणि दुसरं घरात आणलं. (एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून टोकांची अदलाबदल करून परत मोजलं.) हॉलच्या फरशीपासून ३ फूट ८ इंच. पॅनेल ४ फुटांचं. दादांनी टेपकडे बघितलं, मग पॅनेलकडे. घरमालक म्हणाले, "त्या साली सगळ्यांच्याच घरात आलतं की हो." ते खरंच होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत. राग पुराचा नव्हता, पॅनेलचा होता.

भिजलेल्या विटेतला क्षार वर्षानुवर्षं बाहेर येत राहतो. त्यावर पुट्टी मारली की पापुद्रे सुटतात, आणि पॅनेल लावलं की ओल मागेच कोंडते. पॅनेलवर बोटाने टिचकी मारत गेलो तर दोन ठिकाणी मागून भुसभुशीत प्लास्टर खाली ओघळल्याचा आवाज आला. मीटरवर फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, फेज-अर्थिंग जेमतेम १४०; दोन्ही जवळपास सारखे हवेत. म्हणजे अर्थिंग नावापुरतं. करंट गळाला की लाइट तोडणारं ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबीही नव्हतं.

अहवालात खर्चाची कामं लिहून दिली: पॅनेल काढून ५ फुटांपर्यंत प्लास्टर खरवडणं, भिंती उघड्या ठेवून एक उन्हाळा वाळवणं, मेन बोर्ड वरच्या मजल्यावर नेणं, अर्थिंगचा नवा खड्डा, आणि ड्रेनेजच्या लाइनला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. पुराचं पाणी दारातून येण्याआधी संडासातून वर येतं, हे नदीकाठी नव्याने येणाऱ्याला माहीत नसतं. शिवाय नगररचना विभागात पूररेषांच्या नकाशावर सर्व्हे नंबर बघायला सांगितला. निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत असेल तर उद्या पाडून बांधायची परवानगी अवघड.

"मग घ्यायचं का नाही, साहेब?" वहिनींनी विचारलं. भाव किती कमी होतोय त्यावर आहे, म्हटलं, आणि ते मी नाही ठरवू शकत. सोमवारचा विसार त्यांनी पुढे ढकलला, एवढं कळलं. निघताना घरमालकांना गच्चीतलं गोणपाट काढायला सांगितलं. २ इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. ते विनाकारण स्लॅबवर ठेवू नये.