क्रिएटिनिन, खत आणि बिडी

निपाणीत कुणाची किडनी गेली की पहिलं बोट खताच्या पोत्याकडं जातं. मी इथल्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते, त्यामुळं हे सारखं कानावर येतं. खतं टाकून रान नासलं, बोअर नासली, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वाढलं. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

फॉस्फेटचं खत ज्या खडकापासून करतात, त्या खडकातच थोडं कॅडमियम, एक विषारी धातू, असतं. वर्षानुवर्षं टाकलं की ते रानात साठतं. काळी, चुनखडीची माती ते बरंच धरून ठेवते; खानापूरकडच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीतून ते पिकात लवकर चढतं. एकदा अंगात शिरलं की मुक्काम किडनीत, आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच 10 ते 30 वर्षं. जपानात तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भाताच्या शेतात आलं. लोकांच्या किडन्या बिघडल्या, हाडं ठिसूळ झाली. सरकारनं ते मान्य केलं 1968 साली.

खरी गोम पुढंच आहे. कॅडमियम पानात ओढून घेण्यात तंबाखूचा हात धरणारी पिकं थोडी, आणि आमचं गाव मोठं झालं ते तंबाखूवरच. पाण्या-भाकरीतून गेलेल्यातलं फार थोडं अंगात उतरतं. धुरातून फुप्फुसात गेलेलं कितीतरी जास्त. मागं एक मामा रिपोर्ट न्यायला आले आणि ओढ्याच्या काळ्या पाण्यावर तावातावानं बोलत बसले. कानावर बिडी. मी तिकडं बघितलं तर म्हणाले, “ही व्हय? ही तर आपल्या रानातलीच हाय की वो ताई!”

म्हटलं, मामा, म्हणूनच.

त्यांनी माती आरोग्य पत्रिकाही आणली होती, कानडीत छापलेली, नातवाकडून वाचून घेतलेली. “समदं बरोबर हाय म्हनतंय.” त्या पत्रिकेत 12 गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त वगैरे. कॅडमियम नाही, शिसं नाही. पाण्याचंही तेच. नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, जंतू बघतात; धातू वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला 0.003 मिलिग्रॅम. जिभेला काय कळणार? उकळूनही उपयोग नाही, पाणी आटतं आणि धातू भांड्यातच राहतो.

आमची लॅबही फार शहाणी नाही. किडनीचं गाळायचं काम जवळपास निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन ठीक दिसू शकतं. कॅडमियम आधी बारीक नलिकांना धरतं, तिथून बारीक प्रथिनं लघवीत गळतात. लघवीत बुडवायची नेहमीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे मोठं प्रथिन पकडते, ही तिच्या हाती लागत नाहीत. हेही सांगते की वाढलेल्या क्रिएटिनिनमागं बहुतेक वेळा साखर आणि बीपीच निघतं, वर गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या. सगळा दोष कॅडमियमवर घालायचा नाही मला.

मला काळजी वाटते ती वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांची. त्या बिडी ओढत नाहीत, पण दातांना भाजलेल्या तंबाखूची मिश्री असते. शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त ओढून घेतं, आणि यांचं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर क्वचित. लोहाच्या गोळ्या मळमळतं म्हणून फडताळात पडून. क्रिएटिनिनची चिठ्ठी घेऊन येतात त्या नवऱ्याची. स्वतःच्या नावाची कुणी लिहून दिलेलीच नसते.