तिन्हीकडे ‘सिंचण’

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत नाशिकला आमच्या एमसीएमसी कक्षाचं, म्हणजे माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीचं, काम सकाळी सातला कात्री आणि मोजपट्टी घेऊन सुरू व्हायचं. जिल्ह्यात १५ मतदारसंघ, त्यात एकाच दैनिकाची शहराची पानं वेगळी, ग्रामीण वेगळी, मालेगावची आणखी वेगळी. कात्रण कापण्याआधी समासात आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहायचा. तो राहिला की कात्रण रद्दीत गेलं म्हणून समजा. उमेदवाराचा वकील पहिलं तेच विचारतो.

१३ नोव्हेंबरला तीन दैनिकांत एकाच उमेदवारावरचा मजकूर सापडला. एकावर ‘विशेष प्रतिनिधी’, दुसऱ्यावर ‘वार्ताहर’, तिसऱ्यावर चक्क नावानिशी बायलाइन. पण ‘सिंचन’ तिन्हीकडे ‘सिंचण’ छापलेलं.

एवढ्यावर पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेला प्रचार, ठरत नाही. प्रेसनोट सगळ्यांना एकच जाते आणि माणसं कमी असलेल्या कचेरीत ती चुकांसकट पानात सोडली जाते. फरक दुसरीकडे असतो. प्रेसनोटीत कुणीतरी काहीतरी ‘म्हणालेलं’ असतं. इथे ‘विजय निश्चित’ हे दैनिकच स्वतःच्या तोंडाने सांगत होतं. प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख नाही, एका मतदाराचा प्रश्न नाही. निवडणुकीच्या दिवसांत निफाड-चांदवडकडच्या पानावर कांदा नसलेली बातमी शोधून सापडत नाही, या मजकुरात तो औषधालाही नव्हता. आणि तिसऱ्या दैनिकात, त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात, विरोधी उमेदवाराचाही विजय निश्चित! (एकाच पानावर दोघांचा विजय, ही आयोगाच्या सूचनांमधलीच एक खूण आहे.)

मला जास्त खटकलं ते ‘मंत्रिपद पक्कं’ हे उपशीर्षक. मतदार निवडतो आमदार. मंत्र्यांची नेमणूक अनुच्छेद १६४नुसार मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल करतात. मतदानयंत्रावर नसलेलं पद अशा मजकुरातून खपवलं जातं, आणि जाहिरातीकडे संशयाने बघणारा वाचक बातमीची चौकट दिसली की सैल पडतो.

मग मोजमाप. नवख्या माणसाची चूक ठरलेली: तो फक्त मजकूर मोजतो. मथळा, फोटो, चौकट सगळं धरायचं. आमचं एक कात्रण १६ बाय २५ सेंटीमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर भरलं. त्याला शासकीय जाहिरातीचा दर लावायचा. समजा तो चौरस सेंटीमीटरला ५० रुपये असेल, तर २०,००० रुपये. ही रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरली जाते, आणि विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख. म्हणजे अर्धा टक्का. पैशाने उमेदवाराचं फारसं काही बिघडत नाही, त्याला नकोसा असतो तो पेड न्यूजचा शिक्का.

पावती कधीच मिळत नाही, आणि नोटिशीसाठी ती लागतही नाही. पैसे दिले की नाही हे न बघता, समितीच्या शिफारशीवरून निवडणूक निर्णय अधिकारी प्रसिद्धीपासून ९६ तासांत नोटीस काढतात. उमेदवाराला उत्तराला ४८ तास. नोटीस १५ला गेली, उत्तर १७ला आलं. ‘संपादकांनी स्वतंत्रपणे लिहिलं, माझा संबंध नाही’ हे अपेक्षितच होतं. दुसरा मुद्दा मात्र नेमका लागला: तिसरं कात्रण शहराच्या पानाचं होतं, आणि ते पान त्यांच्या मतदारसंघात जात नाही. समासात आवृत्ती लिहिलेली नव्हती. घाईत आमच्याकडूनच राहिली होती. आम्ही त्या दैनिकाचे सगळे अंक पुन्हा काढून बघितले. उमेदवाराचं म्हणणं खरं निघालं.

१८च्या संध्याकाळी समितीने दोन कात्रणं पेड न्यूज ठरवली, तिसरं सोडलं. दोन्हींची रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरायला खर्चाच्या पथकाकडे कळवली. पेड न्यूज हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नाही, त्यामुळे आमची धाव तिथवरच. निर्णयावर राज्यस्तरीय समितीकडे अपील करायला ४८ तास मिळतात. ते २० तारखेच्या संध्याकाळी संपले. सहाला मतदान थांबलं होतं.