ललितेतर लेखकाचं व्याख्यान ऐकताना : माझा अनुभव

लेखकाचं व्याख्यान ऐकायला मी जाते ती त्याने माहिती कशी मिळवली हे समजून घ्यायला. विषय काय ते पुस्तकात असतंच. पुण्यात यासाठी वसंत व्याख्यानमाला मला सगळ्यात जवळची वाटते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये ती सुरू केली. २१ एप्रिल ते २० मे असा महिनाभर रोज नवा वक्ता, नवा विषय.

खरी तयारी घरीच होते. वक्त्याचं एक पुस्तक आधी वाचायचं आणि ‘हे याला कसं कळलं?’ असं वाटेल तिथे समासात पेन्सिलीने फुली करायची. बऱ्याच फुल्या तळटीपा आणि संदर्भसूची पाहिली की सुटतात. ज्या सुटत नाहीत त्यांतल्या तीन वहीत उतरवते.

सभागृहात मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धरावी, कारण श्रोत्यांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा करणारे कार्यकर्ते तिथूनच फिरतात. वहीच्या पानाचा उजवीकडचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवते. डावीकडे मुद्दे, उजवीकडे फक्त स्रोत : मुलाखत, गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), कर्जखत, तलाठ्याची नोंदवही. पूर्ण वाक्यं लिहीत बसलं की पुढची दोन निसटतात. ध्वनिमुद्रणावर विसंबू नये. आधी आयोजकांची परवानगी लागते, आणि मांडीवरच्या फोनमध्ये पंखा आणि शेजारच्याचा खोकलाच जास्त येतो.

चिठ्ठीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?’ याला वक्त्याकडे तयार उत्तर असतं. त्यापेक्षा असं विचारावं : ‘दुष्काळाच्या प्रकरणात सावकारी व्याजाचे दर आहेत. ते कर्जखतांतून घेतले की लोकांनी सांगितले? दोन्हींत फरक पडला तिथे कोणता धरला?’ असं विचारलं की वक्ता थेट आपल्या कामाच्या टेबलापाशी जातो, आणि आपल्याला हवं ते तिथेच असतं. चिठ्ठी पंचवीस-तीस शब्दांची, ठळक अक्षरात, कारण ती सूत्रसंचालक वाचणार. विषय एकच ठेवावा. दोन वेगळे प्रश्न असले तर सोपा तेवढा वाचला जातो.

नंतर सहीच्या रांगेत आपलं हस्तलिखित पुढे करू नये. मागे माणसं उभी असतात, वक्ता दमलेला असतो. ‘या विषयावर आधी कुठलं दप्तर पाहू?’ एवढं विचारलं तर मिनिटभरात वर्षभराचं काम हाती येतं.

टाचणं त्याच रात्री नीट करते. वक्त्याचे नेमके ऐकलेले शब्द तेवढेच अवतरणचिन्हांत. सकाळपर्यंत आपली वाक्यं त्यांत मिसळतात आणि मग वेगळी काढता येत नाहीत.

उजव्या रकान्यात सरकारी नोंद असेल तर पुढची पायरी माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, छायाप्रतीला पानामागे २ रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘संपूर्ण माहिती मिळावी’ असं लिहिलेला अर्ज हमखास अडकतो. नोंदवहीचं नाव, गाव आणि वर्ष लिहावं. नोंद एकोणिसाव्या शतकातली किंवा त्याआधीची निघाली तर ती बहुधा मोडी लिपीत असते, तेव्हा मोडीचा वर्ग आधी लावावा, अर्ज मागाहून.