तालमीतलं अंग, आठ किलोमीटरचा दम: हायरॉक्सच्या तयारीची नोंद

हायरॉक्स ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. धावणं आणि ताकदीचे व्यायाम एकत्र जोडलेली ही शर्यत. एक किलोमीटर धावायचं, एक स्टेशन, म्हणजे ठरलेला व्यायाम, उरकायचं, परत एक किलोमीटर, परत स्टेशन, असं आठ वेळा. स्की-अर्ग (उभं राहून दोन दोर वरून खाली ओढायचं मशीन) 1000 मीटर, स्लेड (वजन लादलेली बिनचाकाची गाडी) ढकलणं 50 मीटर, स्लेड ओढणं 50 मीटर, बर्पी (छाती जमिनीला टेकवून उठणं) मारत लांब उड्या 80 मीटर, रोइंग मशीनवर 1000 मीटर, दोन्ही हातांत वजन घेऊन 200 मीटर, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन 100 मीटर लंजेस (एक पाय पुढे, मागचा गुडघा टेकवत चालणं) आणि सगळ्यात शेवटी 100 वॉल बॉल (बैठक मारून जड बॉल भिंतीवरच्या खुणेवर फेकणं). क्रम जगात सगळीकडे हाच, त्यामुळे बेळगावात बसूनही आपली वेळ कुठल्याही शहरातल्या गड्याशी ताडून बघता येते. 2017 साली जर्मनीत हॅम्बुर्गला हे सुरू झालं, आपल्याकडे 2025 च्या मे महिन्यात मुंबईत पहिल्यांदा आलं. सुरू करणाऱ्या दोघांपैकी मोरिट्झ फ्यूर्स्टे हा जर्मनीचा हॉकीपटू, 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवलेला. 1964 च्या सुवर्ण संघातल्या बंडू पाटलांच्या गावाला हॉकीवाल्याने काढलेली स्पर्धा परकी वाटायचं कारण नाही.

आता माझं. उद्यमबागेत मशीन शॉपला नोकरी, शिफ्ट बदलती. लहानपणापासून तालमीत जाणं, जोर-बैठका अंगवळणी पडलेल्या. पोतं उचल म्हणालात तर उचलतो. पोतं टाकून लगेच एक किलोमीटर पळ म्हणालात, की तिथे सगळं उघडं पडतं. यातलं निम्म्याहून जास्त काम धावण्याचं आहे आणि तेही दमलेल्या पायांनी. तालमीतून येणाऱ्यांनी हे आधी मनात पक्कं धरावं, कारण आपला ओढा वजनाकडे असतो आणि घड्याळ मात्र धावण्यात पळतं.

मी आणि येळ्ळूरचा मावसभाऊ डबल्समध्ये, म्हणजे जोडीने, उतरणार आहोत. यात आठही किलोमीटर दोघांनी बरोबर धावायचं, स्टेशनवरचं काम मात्र हवं तसं वाटून घ्यायचं. पहिल्यांदा उतरणाऱ्याला माझ्या मते हेच बरं. चौघांची रिले आणखी सोपी, प्रत्येकाच्या वाट्याला दोन किलोमीटर आणि दोन स्टेशनं, पण त्यात या खेळाची खरी खुमखुमी कळत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं स्लेडने. पुरुषांच्या ओपन गटात ढकलायची स्लेड 152 किलो, ओढायची 103 किलो, दोन्ही आकडे स्लेडच्या वजनासकट. आमच्या जिममध्ये स्लेड नाही. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड लोखंडी प्लेटची बनवून घेतली, पुढची कड वर वळवलेली, मागे दोन पाइप उभे. वजनाला भट्टीतले रिजेक्ट कास्टिंग, शॉपच्या काट्यावर तोलून. वजन जमलं, पण खाली काय आहे यावर सगळा खेळ. शॉपच्या कोब्यावर ती खरवडत जाते आणि आवाजाने सगळे बाहेर येतात. येळ्ळूरला शेताच्या कडेला कोरड्या मातीवर ठीक चालते, पण दोन सरी पडल्या की लाल चिखल प्लेटखाली असा धरून बसतो की शंभर किलोही हलत नाहीत. स्पर्धेत कार्पेट असतं. म्हणून मांडववाल्याकडचं जुनं कार्पेट मागून आणलं आणि रविवारी बंद शेडमध्ये 12.5 मीटर अंथरलं. स्पर्धेतही तेवढीच लेन, चार फेऱ्यांत 50 मीटर.

कार्पेटवर पहिल्याच दिवशी कळलं की मारतं ते थांबणं. जागची स्लेड सुटायला जितका जोर लागतो त्यापेक्षा चालू स्लेड चालू ठेवायला कमी लागतो, हे घर्षणाचं गणित शाळेत शिकलोय, पण मांड्यांना ते आत्ता समजलं. त्यामुळे आम्ही ठरवलंय, फेरीच्या मधे थांबायचं नाही. दम घ्यायचा तो टोकाला, वळताना. कंबर खाली, हात ताठ, पावलं आखूड आणि भरभर. लांब टांग टाकली की टाच घसरते. ओढताना उलटं, नुसत्या हातांनी दोर खेचला तर पुढे रोइंगला पकड राहत नाही. बूड मागे टाकून दोन-तीन पावलं मागे जायचं आणि मग हात.

बाकीचं साहित्य गावातच मिळालं. दोन हातांत 24-24 किलो हवेत, त्यासाठी मावसभावाच्या घरचे दुधाचे कॅन. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, वर कॅनचं वजन, काट्यावर चोवीसच्या आसपास बसतं. कडी बारीक असल्याने बोटांत रुतते आणि पाणी डचमळून चाल बिघडवते. केटलबेल (स्पर्धेतलं मुठीचं वजन) त्यापुढे सोपी वाटते, हे उलट बरंच. लंजेससाठी 20 किलो वाळू, पोत्यात पोतं घालून सुतळीने आवळलेली. मागचा गुडघा दरवेळी जमिनीला टेकला पाहिजे, नाहीतर स्पर्धेत ती लंज धरत नाहीत, म्हणून मावसभाऊ शेजारून चालत ओरडत असतो, “टेकला नाही, दादा!” सहा किलोचा बॉल गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याकडून रेक्झिनचा शिवून घेतला, आत वाळूची पिशवी आणि भोवती चिंध्या. गोदामाच्या भिंतीवर तीन मीटरवर खडूने रेघ मारलीय. आईला वाटतं क्रिकेटची.

बर्पीच्या उड्या तालमीच्या अंगणात करत होतो तेव्हा वस्ताद काठी टेकत आले. “काय करूलालास रे हे?” सांगितलं. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “सपाटा मारून बेडूकउडी. यात नवीन काय?” मग छाती खाली लागत नाही म्हणून पाठीवर हात ठेवून टेकायला लावली. आता आठवड्यातून एकदा त्यांच्यासमोर 80 मीटर करतो. त्यांच्यासमोर थांबायची सोय नाही.

धावण्याबद्दल. व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात पहाटे सावकाश धावतो, इतकं सावकाश की मावसभावाशी ऊस, पाऊस आणि कुस्तीच्या गप्पा चालू राहतात. चालायला आलेले काका-काकू कधी कधी पुढे जातात, जाऊ द्यावं. बोलता येईना म्हणजे वेग जास्त झाला, एवढंच माप. आठवड्यातल्या चार धावण्यांपैकी तीन अशाच. दम यातूनच वाढतोय, अंग मोडत नाही आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला उभं राहता येतं. चौथी धाव राजहंसगडाच्या चढावर. तिथे गप्पा बंद.

खरी परीक्षा जोडसरावाची. स्लेडच्या चार फेऱ्या आणि लगेच एक किलोमीटर. ताज्या पायांनी माझा किलोमीटर 5:50 ला येतो. स्लेडनंतर सुरुवातीला 7:20 व्हायचा, पहिली दोनशे मीटर पाय आपले वाटतच नव्हते. आता 6:30 पर्यंत आलोय. ताकद त्या मानाने वाढलेली नाही, स्लेड तेवढीच जड लागते. फरक पडला तो बाहेर पडल्यावर मुद्दाम हळू निघायचं ठरवल्याने. पहिली दोनशे मीटर श्वास लावायचा, मग वेग. घाईने निघालो की पूर्ण किलोमीटर हातचा जातो.

खाण्यात विशेष काही नाही. सकाळी नाचणीची आंबील, जेवणात भाकरी, उसळ, शेंगाचटणी, रविवारी मटण. गोडात कुंदा सुटलेला नाही आणि सोडायचा विचारही नाही. पावडरीच्या डब्यांवर खर्च करण्याआधी चांगले बूट घ्या, कार्पेटवर तळ घसरला तर मांडीतला जोर फुकट जातो.

अडलंय ते स्की-अर्गवर. आंब्याच्या फांदीला रबरी बँड बांधून खाली ओढतो. पाठ, पोट आणि दंड दुखतात, म्हणजे काम होतंय, पण मशीनवर वेग किती धरावा हे त्यातून कळत नाही. ते पहिलंच स्टेशन असल्याने तिथेच जीव तोडला तर पुढे स्लेडला काय उरणार? कोल्हापूरला किंवा हुबळीला मशीन असलेली जिम मिळाली तर एक दिवस जाऊन पूर्ण 1000 मीटर ओढून यायचं ठरलंय. आधी एक किलोमीटर धावून, मग मशीन आणि उतरल्यावर परत एक. तोवर बँड आणि आंबा.