परड्यातल्या कोंबड्या

आषाढात पाचगावच्या आमच्या घरी डालग्यातून सात गावठी पिल्लं आली. सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या माहेराहून, राधानगरीकडून. सव्वा महिन्याची होती. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, ते दिवस तिकडंच सरले होते. लासोटाचा, म्हणजे मानमोडी रोगावरच्या लशीचा थेंबही डोळ्यात पडला होता. मानमोडीची पुढची लस आठव्या आठवड्यात दवाखान्यात नेऊन टोचून आणली.

मला भीती थंडीची होती. आत्याबाई म्हणाल्या, "थंडी सोसंल गं, वल सोसायची न्हाई." खुराड्यातलं भाताचं तूस भिजलं की रक्ती हगवण पसरते. म्हणून यांनी खुराडं विटांवर दोन फूट उचलून घेतलं, वर पत्रा पुढं काढला. मी रोज सकाळी तूस खालीवर करायचे आणि ओला भाग उचलून केळीच्या बुंध्यात टाकायचे. पावसाळाभर एकही पिल्लू हगवणीनं आजारी पडलं नाही, याचा मला आजही आनंद आहे.

गेलं ते एक, आणि ते मुंगसानं मारलं. श्रावणातली उघडीप होती, दुपारचे तीन. बोका-कुत्र्याच्या धास्तीनं रात्रीची कडी मी दोनदा बघायचे, पण मुंगूस दिवसा येतं हे डोक्यातच नव्हतं. परड्यातल्या जाळीच्या कुंपणाखालची माती उकरून ते आत शिरलं. कालवा ऐकून मी मोरीतून धावले, तोवर काळी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मान टाकून पडली होती. ती माझ्या हातावरच्या कण्या खायची. दोन दिवस मी परड्यात गेले नाही, आत्याबाईंनीच दाणा टाकला. तिसऱ्या दिवशी यांनी कुंपणाच्या कडेनं फूटभर चर खणून जाळी जमिनीत पुरली. नव्यानं कोंबड्या आणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते: साधी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही.

सहांतले दोन कोंबडे निघाले. मोठे झाल्यावर एकमेकांना रक्त निघेपर्यंत टोचू लागले, म्हणून एक परत माहेरी पाठवला. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तर मात्र लागतो, म्हणून दुसरा ठेवला. आता चार कोंबड्या, एक कोंबडा. दिवस मावळला की आपापल्या खुराड्यात शिरतात, बांबूवर ओळीनं बसतात, आणि मी मोजून कडी घालते.

पहिलं अंडं मार्गशीर्षातल्या गुरुवारी मिळालं. पाचटाच्या पाटीत, लिंबाएवढं, कवचावर रक्ताची बारीक रेघ. मी घाबरले, पण तलंगीच्या पहिल्या अंड्याला असं होतं. एक अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात, त्यातले 20 तास नुसत्या कवचाला. चुना कमी पडू नये म्हणून आत्याबाई अंड्याची टरफलं तव्यावर भाजून, अगदी बारीक कुटून दाण्यात मिसळतात. तशीच टाकली तर कोंबडीला अंडी फोडून खायची सवय लागते, असं त्या म्हणतात. गुरुवार होता, म्हणून ते अंडं शुक्रवारी सकाळी उकडलं आणि आम्ही तिघांनी वाटून खाल्लं.

पौषात तांबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. पाटीतून उठेना, हात नेला की पिसं फुलवून टोचायची. आत्याबाईंनी चारीजणींची मिळून 11 अंडी तिच्याखाली ठेवून रवण घातलं. पिल्लं निघायला 21 दिवस लागतात. आज आठवा दिवस. रात्री दिवे घालवून आम्ही एकेक अंडं बॅटरीवर धरलं. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं, दोन कोरी निघाली. ती काढून घेतली आणि बाकीची नऊ ऊब जायच्या आत परत तिच्या पोटाखाली सरकवली.